ड्रॉइंग मास्तरांच्या तळ्यावरची ट्यूब

ड्रॉइंग मास्तरांच्या तळ्यावरची ट्यूब मी बदलली. नवी काढून घेतली, तिच्या जागी माझ्या घरची जुनी बसवली आणि त्या जुनीवर त्यांच्या अक्षरातली तारखेची चिठ्ठी चिकटवली. तेव्हा माझं वय सदतीस होतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि दर शनिवारी मुलांना प्रामाणिकपणावर चार शब्द सांगत होतो. त्यामुळे पोरवयातली खोडी म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. पंधरा-सोळा वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

तळं म्हणजे दोन फूट लांबीची काचेची पेटी. अॅक्वेरियम हा शब्द मास्तरांनी कधी उच्चारला नाही. "आमच्या तळ्यावर या एकदा," असंच ते म्हणायचे, आणि नवा माणूस घराच्या मागं शेताकडे बघायला लागायचा. पेटीत सरकारी दवाखान्याच्या हौदातले गप्पी मासे होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य केंद्रवाले गावाला फुकट वाटायचे, ते. रंगीत मासा एक नाही, शिंपला नाही, पाण्यात उभा केलेला प्लास्टिकचा माणूस नाही. नुसती झाडं. पण काय झाडं! पाण्याखाली हिरवं रान माजलेलं आणि त्यातून मासे वाट काढत चाललेले.

"मासे भाडेकरू आहेत, सर," मास्तर म्हणायचे. "घरमालक झाडं. अन् मासे कोणीबी पाळते. आपण पाणी पाळतो."

अमडापुरात आम्ही एकाच गल्लीत राहायचो, तीन घरं सोडून. मास्तर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बारीक अंगाचे, खिशाला कायम पांढरा रंग लागलेला. वर्गात ते मुलांना आधी वस्तू काढू द्यायचे नाहीत. टेबलावर तांब्या ठेवायचे आणि सांगायचे, "उजेड कुठून येऊन राह्यला, तेवढं काढा. तांब्याची घाई करू नका." मुलं अर्धा तास कागदावर नुसत्या सावल्या काढत बसायची. मुख्याध्यापकांनी एकदा वर्गात डोकावून विचारलं, "मास्तर, चित्र कुठं आहे?" मास्तर म्हणाले, "निघालं आहे, साहेब. रस्त्यात आहे."

तळ्यावरचा उजेड त्यांनी स्वतः केला होता. तेलाचा पत्र्याचा डबा उभा कापला, लोखंडी पाइपावर ठोकून त्याची पन्हळ केली, आतून पांढरा ऑइलपेंट दिला, म्हणजे सगळा उजेड खाली पाण्यात पडेल. त्यात दोन फुटी ट्यूब बसवली. पाण्याची वाफ होल्डरमध्ये शिरू नये म्हणून ट्यूबच्या दोन्ही टोकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे मोज्यासारखे चढवले. चोक मात्र झाकणात ठेवला नाही. तो तापतो आणि पाणी कोमट करतो, म्हणून भिंतीवर लाकडी फळीला ठोकला. चोक दिवसभर गुणगुणायचा. मास्तर म्हणायचे, "ते आमच्या तळ्यातले बेंडकं."

पहिल्याच दिवशी त्या झाकणात करंट उतरला. मास्तरांच्या बायकोनं पुसायला हात लावला आणि तिला खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तीन दिवस ती मास्तरांशी बोलली नाही, आणि पुढं महिनाभर त्या खोलीत चप्पल घातल्याशिवाय गेली नाही. मग मास्तरांनी अंगणात खड्डा खणून त्यात मीठ, कोळसा आणि लोखंडी कांब पुरली आणि झाकणाची तार तिला जोडली. रोज आंघोळीनंतर तुळशीला पाणी घालावं तसं ते त्या कांबेला तांब्याभर पाणी घालायचे. शेजारी नव्यानं आलेल्या सुनेनं एकदा विचारलं, "हा कोणता देव हो, काकाजी?" मास्तर म्हणाले, "अर्थिंग."

संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज इतकं पडायचं की गावभर ट्यूबा नुसत्या डोळे मिचकावत राहायच्या. मास्तरांची मात्र लागायची. त्यांनी ट्यूबच्या काचेवरून बारीक तांब्याची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली होती. ती युक्ती हनीफभाईची.

हनीफभाई बसस्टँडजवळ मोटारी भरायचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं तांबं काढायचं आणि नवं गुंडाळायचं, हा त्यांचा धंदा. पंखे, चोक, ट्यूबाही दुकानात असायच्या. शाळा सुटली की मास्तर तिथं. एक कप चहा यायचा. कप मास्तरांना, बशी हनीफभाईंना. मग भांडण.

"मास्तर, तुमचा चोक गुणगुणते म्हणजे आतल्या पत्र्याच्या पत्त्या ढिल्या आहेत. आणा, कसून देतो."

"काही गरज नाई. मले त्याच्याबिगर झोप नाई येत."

"अजी, चोक आहे का बायको?"

"बायको गुणगुणत नाई, हनीफ. बायको डायरेक्ट शॉर्ट होते."

दोघं हसायचे. मी दुकानाच्या बाहेर सायकल धरून उभा असायचो. आत दोन स्टूल होते. तिसरा आणून मला "बसा सर" असं कुणी म्हटलं नाही. कदाचित मीच कधी आत शिरलो नसेन. तेव्हा मात्र मला वाटायचं की जगात दोनच स्टूल आहेत आणि दोन्ही भरलेत.

इथं खरं सांगितलं पाहिजे. मलाही माशांचा नाद होता, आणि तो मास्तरांच्या आधीपासून होता. मी अकोल्याहून तयार टँक आणला होता. निळे खडे, गोल्डफिश, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, वर कंपनीचं झाकण. पंधरा दिवसांत पाणी हिरवं झालं. बदललं, पुन्हा हिरवं. झाडं लावली, ती कुजली. आणि लोक बघायला जायचे मास्तरांकडं. माझ्या दारावरून जायचे. एकदा शिक्षण विस्तार अधिकारी आले, त्यांना मुख्याध्यापक मास्तरांच्या घरी घेऊन निघाले. जाता जाता मला म्हणाले, "सर, तुम्हीपण ठेवलंय ना काहीतरी?" ते 'काहीतरी' मी अजून विसरलो नाही. माझी बायको मास्तरांकडून हळदीकुंकवाहून आली आणि म्हणाली, "त्यांच्या खोलीत बसलं की पाण्याच्या काठी बसल्यावाणी वाटते. आपल्यात मासा आहे का नाही, हेच समजत नाही." ती सहज बोलली. मी जेवलो नाही.

मास्तरांनी मला उपाय सांगितला नाही असंही नाही. माझा टँक पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ते म्हणाले होते, "सर, तुमचा उजेड जास्त होऊन राह्यला. खिडकीचं ऊन येते, वरून तुम्ही निजेपर्यंत लाइट चालू ठेवता. झाडाले झोप पाह्यजे. आठ तास द्या, बस."

मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर. उजेड कमी केल्यानं झाडं वाढतात, हे मला चित्रकलेच्या शिक्षकानं सांगावं? मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा खरी गोष्ट लपवतोय.

त्यांच्या नादाची कीर्ती उंद्रीपर्यंत पोचली ती एका लग्नात. मास्तरांच्या पुतण्याची वरात तिथं गेली होती. ऐन लग्नाच्या वेळी नवरदेवाचे काका गायब. शोधाशोध झाली तर काका फेटा बांधलेल्या अवस्थेत गावतळ्यात गुडघाभर पाण्यात उभे आणि पाणवनस्पती उपटून पिशवीत भरताहेत. मुलीकडच्यांना वाटलं, मानपान राहिला, काका रुसले. मुलीचा बाप नारळ-शेला घेऊन काठावर आला आणि हात जोडून म्हणाला, "काही चुकलं असल तर पदरात घ्या." मास्तर पाण्यातूनच म्हणाले, "अहो, चुकलं काही नाई. हे गवत आमच्याकडं नाई भेटत. तुम्ही तेवढी पिशवी धरता का?" नव्या व्याह्यानं पिशवी धरली. लग्न वीस मिनिटं उशिरा लागलं.

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये बऱ्याचदा ऐकली. दर वेळी सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि हसता हसता आतून जळायचो. मी कुठल्या लग्नातून गायब झालो असतो तर माझी आठवण कुणी अशी सांगितली असती का?

त्या वर्षी मास्तरांनी नवी ट्यूब बसवली. जुनी जळाली नसली तरी ते वर्षभरात ट्यूब बदलायचे. "डोयाले दिसत नाई, पण तिचा जीव कमी होते," असं म्हणायचे. बसवल्याची तारीख कागदाच्या पट्टीवर सुंदर अक्षरात लिहून खळीनं काचेवर चिकटवायचे. त्या वेळी मला दाखवून म्हणाले, "हनीफनं खामगावहून खास माह्यासाठी आणली."

खास. हा शब्द माझ्या डोक्यात शिरला. गुपित ते हेच, असं मी धरून चाललो.

दोन महिन्यांनी मास्तरांची बायको मुलीच्या बाळंतपणाला मेहकरला गेली आणि मास्तर ग्रेड परीक्षेचे पेपर तपासायला अमरावतीला. किल्ली माझ्याकडं दिली. सोबत एक कागद: लाइट जायच्या-यायच्या वेळा पाहून सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास उजेड. खाली लिहिलं होतं, 'मासे उपाशी राहिले तरी चालतील. पाण्यात हात घालू नये. सरांवर भरोसा आहे.'

पाच दिवस मी सगळं नीट केलं. सहाव्या दिवशी दुपारी लोडशेडिंग होतं. माझ्या टँकवरची दोन वर्षं वापरलेली ट्यूब मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या घरी नेली. कंपनी तीच, लांबी तीच. टोकं काळी पडलेली, पण ती रबरी मोज्यांखाली झाकून गेली. तांब्याची तार पुन्हा ताणून बांधली. चिठ्ठी ओल्या बोटानं भिजवून अलगद सोडवली आणि जुनीवर बसवली. वर्गात प्रयोग मांडतो तितक्या सफाईनं मी ते केलं, हे आठवलं की आज लाज वाटते.

माझ्या घरी ती खास ट्यूब लागली. मी ती रात्री निजेपर्यंत चालू ठेवली. पाणी आधीपेक्षा लवकर हिरवं झालं.

आणि तिकडं तळं पिवळं पडायला लागलं. मास्तरांनी आधी पाण्याला दोष दिला, मग रेतीला. महिनाभरानं संध्याकाळी ट्यूब लागेचना, नुसती फडफडायची. एक दिवस ते माझ्याकडं आले. "सर, चला माह्यासंगं. हनीफले दाखवू." ट्यूब त्यांनी माझ्या हातात दिली. ती बसस्टँडपर्यंत मी नेली.

हनीफभाईंनी रबर खाली सरकवलं. दोन्ही टोकं काजळीसारखी काळी. ते म्हणाले, "मास्तर, हे लय जुनी आहे. हे मी देलेली नाई."

"तूच देलेली. चिठ्ठी पाह्य. अक्षर कोणाचं आहे?"

"अक्षर तुमचं आहे. माल माहा नाई."

"म्हणजे मी खोटं बोलून राह्यलो?"

"मी असं कुठं म्हटलं? पण अल्ला कसम, हे ट्यूब माह्या दुकानातली नाई."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर टपरीवर चार माणसं. मास्तर उभे राहिले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "माह्या एवढ्याशा तळ्यासाठी तुले जुना माल पॉलिश करून द्यावा वाटला? पंधरा वर्षं तुह्या दुकानात बसलो मी. बेइमान निघाला बे तू!"

हनीफभाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना काही कळलं होतं म्हणून नाही. मी शिकलेला माणूस, मध्ये पडेन, दोघांना समजावीन, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मी म्हणालो, "चला मास्तर, जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय निघालाच. कुणी तरी म्हणालं, "दुकानदार शेवटी दुकानदारच." मी म्हणालो, "कोणाचा भरोसा धरावा आजकाल?" हे मी म्हणालो. मी.

त्यानंतर मास्तर त्या दुकानात गेले नाहीत. संध्याकाळी ते घरीच असायचे, आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर मी असायचो. मला पाहिजे होतं ते मिळालं. पूर्ण कप चहा मिळायचा. पण त्या खुर्चीवर माझ्याशी कुणी भांडलं नाही. मी काही म्हटलं की मास्तर म्हणायचे, "हाव, बरोबर आहे तुमचं." तळं चिखलीहून आणलेल्या ट्यूबांवर पुन्हा हिरवं झालं. कधी चोक खोलून बसले की ते स्वतःशीच पुटपुटायचे, "तो म्हणे, पत्त्या ढिल्या आहेत." नाव घ्यायचे नाहीत. मला चोकमधलं काही समजत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ते कधी जाणवू दिलं नाही. मेलेल्या माणसाच्या कपड्यात बसल्यासारखं मला व्हायचं.

आणि मी पंखा घेऊन हनीफभाईंकडं गेलो की ते तोंड वर न करता विचारायचे, "मास्तरचे मासे बरे आहेत ना?" मी म्हणायचो, "बरे आहेत." अशी वर्षं गेली. एलईडी आल्या तरी मास्तरांच्या तळ्यावर ट्यूबच राहिली, मास्तर निवृत्त झाले, माझा टँक मी कधीच भंगारात दिला.

या दिवाळीनंतर मी मिक्सर घेऊन गेलो तर दुकान अर्धं रिकामं. हनीफभाई म्हणाले, "सर, पुढच्या महिन्यात जालन्याले चाललो पोराकडं. नजर कमी झाली. एवढ्या दोन मोटारी भरल्या की बंद." मग म्हणाले, "मास्तरले सांगजा."

मी घरी गेलो आणि मिक्सर ओट्यावर ठेवून तसाच बाहेर पडलो. मास्तर तळ्यासमोर बसले होते. उभ्यानंच सगळं सांगितलं. चिठ्ठी कशी भिजवली, तेसुद्धा. सांगून झाल्यावर भिंतीवरचा चोक तेवढा ऐकू येत होता.

मास्तरांनी विचारलं, "माहीवाली ट्यूब तुमच्याकडं किती दिवस चालली?"

"दीडेक वर्ष."

"झाडं वाढली?"

"नाही."

"मंग तुमाले भेटलं काय, सर?"

मी खाली वाकलो, त्यांच्या पायाला हात लावायला गेलो. त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. रागानं नाही, एखाद्यानं ओल्या फरशीवरून पाय उचलावे तसे.

"माह्या घरी काऊन माफी मांगून राह्यले? मले तर तुम्ही ट्यूबच बदलून देली. त्याले मी काय बोललो होतो, आठवते ना?" त्यांनी टोपी घातली. "चला."

रस्त्यात ते झपाझप पुढं चालत होते. पासष्टीला आलेला माणूस, पण मला गाठता येईना.

हनीफभाई मोटार भरत होते. तार गुंडाळताना ते फेरे मोजतात आणि आकडा पुरा होईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. गिऱ्हाइकं तेवढी थांबतात. "बयालीस, तेंतालीस, चव्वालीस," असं पुटपुटत त्यांनी मान वर केली. उंबऱ्याशी मास्तर उभे होते. हात थांबला. ओठ पुढच्या आकड्यासाठी उघडे राहिले, पण आकडा आला नाही. त्यांनी हातातली तार हळूच खाली ठेवली.

"गिनती चुकली," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही.

मास्तर आत गेले नाहीत. ते उंबऱ्यावरच बाजूला झाले आणि त्यांनी मला पुढं केलं.

मी अगदी हलक्या आवाजात सुरुवात केली. बाहेर टपरीवर माणसं होती, दोन माझे जुने विद्यार्थी होते. मास्तरांनी मला मध्येच थांबवलं.

"मोठ्यानं सांगा, सर. त्या दिवशी मी मोठ्यानं बोललो होतो."

टपरीवरच्यांनी माना वळवल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"हनीफभाई, ते जुनी ट्यूब माह्या घरची होती. तुम्ही देलेली नवी मी चोरली, अन् मास्तरची चिठ्ठी जुनीवर लावली. तुमाले बेइमान म्हटलं तेव्हा मी इथंच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर तुमची दोस्ती राह्यली असती. मले तेच नको होतं. तुमी दोघं इथं बसून हसायचे, अन् ते मले पाहवत नव्हतं. बेइमान मी आहे. माफ करा म्हणायचा हक्क मले नाई, पण मी म्हणतो. हनीफभाई, मले माफ करा."